चिपमधला शनी

सिडकोतल्या त्या गल्लीत टँकर आला, आणि हंडे घेऊन सकाळपासून ताटकळलेली निम्मी माणसं रांग सोडून पळाली. पाण्याकडे नव्हे, यमुनाबाईंच्या घराच्या तळमजल्याकडे. तिथं ऊर्जानाथ महाराज मेलेले कॉम्प्युटर जिवंत करत होते.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा! महाराजांना यंत्राशी बोलू द्या!" सत्यम नावाचा तरुण गर्दी मागं रेटत होता. हाच सत्यम शहरात कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचा. महाराजांच्या सेवेत तो कधीपासून लागला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

साल दोन हजार एक. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवून बसला होता आणि शहर मात्र चारी अंगांनी फुगत चाललं होतं. कॉम्प्युटर शिकलं की वाळूजच्या कारखान्यात ऑफिसात बसायची नोकरी लागते, अशी हवा होती. म्हणून लासूर स्टेशनच्या बाजारात भुसार मालाचा व्यापार केलेल्या नानासाहेबांनी शहरात येऊन या तळमजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढला. बाजरीचा दाणा दाताखाली धरून ते तिचा भाव सांगत. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र सगळा भरवसा सत्यमवर आणि देवावर. शिकवायला तनुजा होती. शेंद्र्याची, शेतकऱ्याच्या घरातली, कोर्स करून आलेली चुणचुणीत पोरगी.

आणि वरच्या मजल्यावर घरमालकीण यमुनाबाई. कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दुपारी त्या खाली येऊन तनुजाकडून कॉम्प्युटर शिकत आणि चुकलं की विद्यार्थिनीसारख्या जीभ चावत.

महिन्यापूर्वी सत्यमनं तीन यंत्रांत नव्या चिपा बसवल्या होत्या. प्रोसेसर म्हणतात तो हाच, कॉम्प्युटरचा मेंदू. "खाच तीच आहे, नाना. जुनी काढायची, नवी बसवायची. यंत्र घोड्यासारखं पळंल!" यंत्र पळालं खरं, पण थोडा वेळच. मग पडदा गोठायचा, माउस हलेना. जरा विसावा दिला की पुन्हा चालू, पुन्हा बंद. सत्यमनं डोकं खाजवून सांगितलं, "वस्तूत दोष नाय, नाना. हे काहीतरी दुसरंच दिसतंय." आणि त्या 'दुसऱ्याच'चा इलाज करायला तो महाराजांना घेऊन आला.

महाराज तेजस्वी होते. निदान चेहऱ्याला तेल भरपूर होतं. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि कमरेला मोबाइल. कोपऱ्यातल्या यंत्राचं झाकण सत्यमनं काढलं. महाराजांनी त्यावर भगवी शाल पांघरली आणि दोन्ही हात शालीखाली घातले.

"या चिपेत शनी बसलेला आहे," महाराजांनी डोळे मिटून निदान केलं. "विद्युत ही शक्ती, चिप हा शिव. दोघांचं गोत्र जुळत नाही! ॐ ऱ्हीं विद्युल्लते, शांत हो... शांत हो..."

शालीखाली बोटं बराच वेळ वळवळली. मग अंगारा, मग उदबत्ती, मग बटण. यंत्र सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत गोठलं नाही. गल्लीनं जयघोष केला. नळाला पाणी नव्हतं, तरी महाराजांचे पाय धुवायला तीन घरांतून कळशा आल्या. एकानं बिघडलेला मिक्सर आणला, एकीनं नातवाचा रेडिओ. महाराजांनी ते परत पाठवले. शनी म्हणे फक्त सत्यमनं बसवलेल्या चिपेतच बसत होता.

तनुजानं त्या गर्दीत साधा प्रश्न विचारला. "महाराज, शाल न घालता करता येईल का? आम्हाला शिकायला मिळेल."

महाराजांनी डोळे उघडले. "नानासाहेब, यंत्रं पुन्हा पुन्हा का पडतात, सांगू? इथं एका व्यक्तीची छाया त्यांच्यावर पडते. स्त्री आहे. पूर्वेकडून येते."

शेंद्रा शहराच्या पूर्वेला. सगळ्या माना तनुजाकडे वळल्या.

गर्दी पांगल्यावर नानासाहेब खाली मान घालून तिला म्हणाले, "पोरी, दोन यंत्रांची शांती राहिलीय. तवर तू घरीच ऱ्हाय. माझा काय विश्वास नाय, पण लोकं लई बोलायलीत."

"नाना, ही गोष्ट माझ्या बसच्या आधी गावात पोचेल," तनुजा कशीबशी म्हणाली. "पांढऱ्या पायाची म्हणतील. बापू म्हणतील, झालं शिकणं, आता स्थळ बघतो. आणि असलं ऐकून स्थळ तरी कोण देईल?"

यमुनाबाई जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांना संताप आला होता. पण संतापापेक्षा त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. कोपऱ्यातल्या यंत्रावर त्या रोज बसत. महिनाभर त्याच्या मागून तव्यासारखी धग यायची. आज, मंत्रानंतर, हवा कोमट होती.

"नानासाहेब," त्या म्हणाल्या, "शनी उठून गेला हे मी एकवेळ मान्य करते. पण जाताना तो उष्णता कमी करून कसा गेला? मला ती यंत्रं उघडून बघायची आहेत."

"बाई, महाराजांना कळलं तर?"

"ते अंतर्ज्ञानी आहेत ना? मग आपण न सांगताही कळेलच. आणि खरे असतील तर परीक्षेला भ्यायचं कशाला?"

नानासाहेबांनी दार लावून घेतलं. तनुजानं वायरी काढून दोन यंत्रं शेजारी शेजारी उघडली. एक शांती झालेलं, एक न झालेलं. तिघं वाकून बघत होती. चिपा सारख्या, पंखे सारखे. फरक फक्त एका ठिकाणी होता. चिपेशेजारी बारीक पितळी काड्यांची रांग होती आणि त्यांतल्या दोन काड्यांना जोडणारी प्लॅस्टिकची टोपी, तांदळाच्या दाण्याएवढी. एका यंत्रात ती एका जागी होती, दुसऱ्यात दुसऱ्या.

"हा जम्पर," तनुजा म्हणाली. "चिपेला किती व्होल्ट द्यायचे ते यावर ठरतं. बघा, बोर्डावरच छापलंय. इथं दोन पॉइंट दोन, तिथं तीन पॉइंट दोन." तिनं पंखा सोडवून चिपेचा माथा पुसला. त्यावरही आकडा होता. "नवी चिप मागते दोन पॉइंट दोन. आणि न झालेल्या यंत्रात तिला मिळतायत तीन पॉइंट दोन. म्हणून तर तापते, बाई!"

"आणि तापली की गोठते," यमुनाबाई म्हणाल्या. "शांती कसली, महाराजांनी शालीखाली टोपी सरकवली." मग त्यांनी विचारलं, "त्या जुन्या काढलेल्या चिपा आहेत का गं? त्यांना किती लागतात?"

तनुजानं कपाटातून एक काढली, आकडा वाचला आणि तिच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. "तीन पॉइंट दोन."

रविवारी दुसऱ्या यंत्राच्या शांतीला आधीपेक्षा दुप्पट गर्दी जमली. पेढे आले, नारळ आले. महाराजांनी शालीखाली हात घातले, शनीला दटावलं, अंगारा फुंकला आणि हात वर केले.

"लावा बटण!"

नानासाहेबांनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काळाच. सत्यमनं स्वतः दाबलं, मग घाम पुसला.

"छाया!" महाराज गरजले. "ती स्त्री जवळपास आहे!"

"आहे की," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "मीच बोलावलंय तिला. तनुजा, आत ये."

लोक असे बाजूला सरले, जणू साप आला. तनुजानं आधी वायर काढली, मग शाल उचलून महाराजांच्या खांद्यावर ठेवली आणि चिमट्यानं ती टोपी सगळ्यांना दाखवत मूळ जागी बसवली. वायर जोडली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली.

"मंत्र न म्हणता!" मागून कुणीतरी चकित होऊन बोललं.

"ऐका," यमुनाबाई वर्गात उभ्या राहिल्यासारख्या म्हणाल्या. "एकाच खाचेत वेगवेगळ्या चिपा बसतात. पण प्रत्येकीची विजेची भूक वेगळी. सत्यमनं कमी भुकेच्या चिपेला मुद्दाम जास्त वीज दिली, ती तापली. महाराजांनी शालीखाली वीज कमी केली, की झाला चमत्कार. काल आम्ही या यंत्रात जास्त भुकेची जुनी चिप बसवली. टोपी होती तिथंच ठेवली आणि यंत्र सकाळपर्यंत चाललं. नानासाहेब साक्षीला आहेत. महाराजांनी नेहमीप्रमाणं टोपी सरकवली. बिचारी चिप उपाशी पडली. आता सांगा, त्रिकालज्ञानी पुरुषाला आत चिप कुठली आहे हे का दिसलं नाही?"

सत्यम दाराकडे सरकत होता. नानासाहेबांनी त्याचं मनगट धरलं. बाजारात पोती उचललेला हात तो. सत्यम लगेच बोलता झाला. महाराज त्याचे मामा होते आणि शांतीची दक्षिणा दोघं वाटून घेणार होते. रस्त्यावरचे आणखी दोन क्लास आणि एक पतसंस्था त्यांची 'शांती' करून घ्यायला तयार बसली होती. हे ऐकेपर्यंत महाराज अंतर्धान पावले. पेढे मात्र घेऊन गेले.

नानासाहेब तनुजासमोर उभे राहिले. "पोरी, म्या तुला घरी बस म्हणलो. विश्वास नाय म्हणलो अन् वागलो मात्र विश्वास असल्यावानी. चुकलं माझं." तिनं मान हलवली, पण लगेच माफ केलं नाही, डोळे पुसून म्हणाली, "हे माझ्या बापूंना सांगा, नाना." ते त्याच दिवशी शेंद्र्याला गेले आणि पारावर चार माणसांत त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारी तनुजा क्लासला आली.

गल्लीतले काही जण अजूनही म्हणतात की महाराज खरेच होते, बायकांनी परीक्षा घेतली म्हणून कोपले. अशांना काय सांगावं? एवढंच सांगावं: कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला म्हणा, पुन्हा करून दाखवा, पण या वेळी मांडामांड आमची. आणि कुणी एखाद्या लेकीबाळीला अपशकुनी म्हणालं, तर तिला घरी बसवू नका. म्हणणाऱ्याला उभं करा आणि पुरावा मागा. खरं असेल त्याला प्रश्नाची भीती नसते.