मापारीच्या दुकानातला जिना

पाय सकाळी खोटं बोलतात आणि संध्याकाळी खरं, असं बूटवाल्याचं म्हणणं. सगळे त्याला मापारी म्हणत. ओझं घेऊन लांब जाणाऱ्याला तो सकाळी बूट विकतच नसे. दिवसभर राबा, पाय फुगू द्या, मग या. आलात की पाठीवर पिशवी चढवायचा. आत जुने लाकडी साचे, पंधरा किलो. ती घेऊन माडीच्या जिन्यावर दहा फेऱ्या. उतरताना बोटं पुढे आपटली, की तो जोड परत खोक्यात.

नर्सला हे ठाऊक होतं. म्हणूनच दुकानाच्या पायरीशी ती उगाच पदर सारखा करत रेंगाळली.

डोंगरापलीकडच्या वस्तीचा रस्ता खचला होता. परवा पहाटे औषधं पाठीवर घेऊन तिला पायी निघायचं होतं. दोन दिवस जायचं, दोन दिवस यायचं. ती पायवाट दवाखान्यात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. आणि तिच्या डाव्या पायाची बोटं मुकी झाली होती, हेही दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

मुकी म्हणजे मुकीच. टोचलं तरी गप्प, पोळलं तरी गप्प. साखरेच्या आजाराने तिच्या वडिलांचा पाय असाच आधी गप्प झाला होता आणि मग घोट्यापासून गेला होता. दर बुधवारी ती रोग्यांना बजावायची, तळपाय रोज आरशात बघा. स्वतःचा पाय मात्र चार दिवस तिने पाहिला नव्हता. अंघोळीलासुद्धा मान वर करून पाणी ओतायची.

बरोबर नणंद होती. तिच्या तोंडाला कुलूप नाही.

"वहिनी, पिशवी घेतलीस की तू अगदी गोगलगाय दिसतेस गं," ती म्हणाली आणि जिन्याच्या कठड्याला टेकून गुणगुणायला लागली:

"वहिनी निघाली डोंगरी, पाठीवरी दवाखाना
जपून टाक पाय बाई, दगडाला माया ना."

नर्स हसली. नवे बूट पायात घालून ती जिना चढू लागली.

"एक माप मोठा दिलाय," मापारी म्हणाला. "ओझ्याखाली पाऊल पसरतं. टाच उचलते का?"

"नाही."

"उतरताना बोटं लागतात?"

"नाही हो. अगदी बरोबर आहे."

"डावा?"

"डावा तर जास्तच छान."

उत्तर फार लवकर आलं, हे तिचं तिलाच कळलं. ती चढत होती, उतरत होती, पायऱ्या मोजत होती. उजवा पाय पायरीला ओळखत होता. डावा नुसताच खाली जात होता, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा, तळ लागला की नाही ते न सांगता. दहाव्या फेरीला ती बाकावर बसली. संपलं, असं तिला वाटलं.

"बांधून द्या," ती म्हणाली.

"काढू तर द्या आधी." मापारीने खाली बसून डाव्या बुटाची नाडी सोडली आणि बूट हातात घेऊन सवयीने आत बोटं घातली. बोटं तिथेच थांबली. मग त्याने टोकातून कागदाचा बोळा बाहेर काढला. नव्या बुटाचा आकार राहावा म्हणून कोंबतात तो, लिंबाएवढा, दाबून दगड झालेला.

"माझीच चूक," तो हळू म्हणाला. "उजव्यातला काढला, हा राहिला." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "बाई, हा घेऊन दहा फेऱ्या मारल्यात तुम्ही."

नणंदेचं गुणगुणणं बंद झालं होतं.

"वहिनी, तुला लागलं नाही?"

"थोडं लागलं. म्हटलं, नवा आहे, चावणारच."

"खोटं बोलू नकोस गं माझ्याशी."

मापारी मोज्याकडे बघत होता. अंगठ्याखाली एक डाग होता, रुपयाएवढा, ओला, कडेने तपकिरी.

"हा आत्ताचा नाही," तो म्हणाला. "कडेला वाळलाय. हा जोड मी तुम्हाला देणार नाही. दुसराही नाही."

"अहो, मी गेले नाही तर जाणार कोण?"

नणंद तिच्या पायाशी बसली. आत्तापर्यंत खिदळणाऱ्या पोरीने तिचं डावं पाऊल मांडीवर घेतलं. "वस्तीचं बघू नंतर," ती म्हणाली. "दादाला मी काय सांगू? बायको चालत गेली आणि कुबडीवर आली, असं?"

तिने फोन लावून नर्सच्या हातात दिला. पलीकडे दवाखान्यातले मोठे डॉक्टर होते. नर्सने एका दमात सगळं सांगितलं, वडिलांचंही सांगितलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"आहात तिथेच थांबा," डॉक्टर म्हणाले. "गाडी पाठवतो. एक पाऊलही चालू नका. जखम किती खोल आहे?"

हा प्रश्न तिने आजवर शेकडो जणांना विचारला होता. उत्तर द्यायला त्यांना एवढा वेळ का लागतो, याचं तिला नेहमी नवल वाटायचं.

नणंदेने मोज्याची कड चिमटीत धरली होती आणि ती वहिनीच्या तोंडाकडे बघत होती.

"थांबा," नर्स फोनवर म्हणाली. "बघून सांगते."