थांब म्हणेपर्यंत

कुलदीपच्या फिल्मचा शेवट नांदगाव खंडेश्वरमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ होता. घरातल्या अंधारातून दार दिसतं. दाराच्या चौकटीतून शेताकडं जाणारी सरळसोट पांदण दिसते. हिरवं लुगडं नेसलेली एक बाई हातात जेवणाचा डबा घेऊन त्या पांदणीनं उगवत्या सूर्याकडं चालत जाते. आपल्याला फक्त तिची पाठ दिसते. ती लहान होत होत ठिपक्याएवढी होते आणि पडदा काळा होतो. नऊ वर्षांत पाच फिल्मा झाल्या, पाचही वेळा हेच. बाईसुद्धा तीच, कुलदीपची आई पार्बताबाई.

मी गुलफाम. या पाचही फिल्मांचा आवाज मी धरला. माझ्या बापाचं अकोल्यात मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं, त्यामुळे आवाजाचं वेड मला वारशात मिळालं आणि फटकळ तोंडही. कुलदीपच्या माघारी लोक जे बोलायचे ते मी त्याच्या तोंडावर बोलायचो. मैत्री म्हणतात ती यालाच, असं मी स्वतःला सांगत आलो.

पहिली फिल्म अमरावतीच्या एका कॉलेजात दाखवली तेव्हा पडदा काळा झाल्यावर मिनिटभर कुणी उठलं नव्हतं. पंखा फिरतो तेवढाच आवाज. एक निवृत्त मास्तर डोळे पुसत कुलदीपजवळ आले आणि त्याचा हात धरून उभे राहिले. मी पार्बताबाईंच्या कमरेला छोटा रेकॉर्डर बांधला होता, त्यामुळे त्यांची चप्पल, त्यांचा श्वास, डब्याच्या कडीची किरकिर सगळं हॉलभर ऐकू आलं होतं. मला स्वतःला गहिवरून आलं होतं, हे कबूल करतो. खरी गोष्ट होती ती.

पण तेच ते पक्वान्न रोज वाढलं की ताटावरचा माणूस तोंड फिरवतो. तिसऱ्या फिल्मपर्यंत हॉलमध्ये हिरवं लुगडं दिसलं की लोक खुर्चीखालची चप्पल पायानं चाचपायला लागले. "चला, माय निघाली," असं कुणीतरी हळूच म्हणायचं आणि खसखस पिकायची. पुढं तर नांदगावात ती म्हणच झाली. लग्नाची पंगत संपत आली की लोक म्हणायचे, माय निघाली. एसटी सुटली, माय निघाली.

कुलदीपनं यावर काढलेला उपाय त्याच्या हट्टी स्वभावाला शोभणारा होता. लोक शॉट ओळखतात म्हणून त्यानं शॉट बदलला नाही, लांबवला. पहिल्या फिल्ममध्ये पार्बताबाई पांदणीवरच्या लिंबापर्यंत चालल्या होत्या. दुसऱ्या फिल्ममध्ये नाल्यावरच्या मोरीपर्यंत. पाचव्या फिल्ममध्ये त्या साडेचार मिनिटं चालत होत्या.

या शॉटचे नियम अख्ख्या आळीला माहीत होते, कारण कुलदीपनं ते ओरडून ओरडून शिकवले होते. कॅमेरा घरात, पार मागच्या खोलीच्या अंधारात असायचा, बाहेरून कुणाला दिसायचा नाही. दिसला असता तर लोक त्याच्याकडं पाहत उभे राहिले असते. दुसऱ्या फिल्मच्या वेळी शेजारच्या जमुनाबाईंनी सवयीनं हाक मारली होती, "काकू, कुठं चालल्या वं इतक्या सकाळी?" आणि पार्बताबाईंनी मागं वळून पाहिलं. शॉट गेला. कुलदीप घरातून धावत आला आणि जमुनाबाईंना असा बोलला की त्या दोन महिने त्याच्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून हिरवं लुगडं पांदणीला लागलं की सगळे चिडीचूप. जमुनाबाई बकऱ्या आवरून धरायच्या. कोपऱ्यावरचा पानटपरीवाला किशोर रेडिओ बंद करायचा. आणि आईला कुलदीपनं सांगून ठेवलं होतं, "कोणी बी आवाज देवो, मांगं पाहाचं नाई. मी थांब म्हणेपर्यंत चालत राहाचं."

गेल्या दोन वर्षांत पार्बताबाईंचं डोकं विरत गेलं होतं. जेवण झालं की तासाभरात त्या सुनेला, अपेक्षाला, विचारायच्या, "मले जेवाले नाई देत काय वं?" मला त्या कधी गुलफाम म्हणायच्या, कधी त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायच्या. मीही ओ द्यायचो. पण कमरेला रेकॉर्डर बांधला आणि हातात डबा दिला की बाई ताठ व्हायची. पाऊल कुठं टाकायचं, डबा कोणत्या हातात धरायचा, सगळं चोख.

मार्चमध्ये पाचवी फिल्म अमरावतीला दाखवली. प्रश्नोत्तरात आचल नावाची एक विद्यार्थिनी उठली. पोरगी धीट होती. म्हणाली, "सर, तुमच्या फिल्मचा शेवट आम्हाला सुरुवातीलाच माहीत असतो. मग आम्ही शेवटपर्यंत कशासाठी बसायचं?"

हॉल हसला. कुलदीप हसला नाही. "आपलं माणूस जाते तवा पाठच दिसते," तो म्हणाला. "ते रोज रोज जाते. तुमी रोज रोज पाहा."

उत्तर छान होतं, टाळ्याही पडल्या. पण मला त्या मुलीचं पटलं होतं. बाहेर चहा पिताना मी त्याला सोडलं नाही.

"पोरगी खरं बोल्ली," मी म्हणालो. "तुले आता त्या दाराशिवाय काई दिसत नाई. एखाद्या वेळी मायचं तोंड दाखव. नाईतर दुसरी बाई घे. काई तर नवं कर ना बे."

"मायले घेतलं नाई तर माय काय करीन?" तो म्हणाला. "पोळी येत नाई, नाव येत नाई. तिले एवढंच येते आता. हे बी काढून घेऊ?"

"मग तिच्यासाठी कर, आमाले कायले दाखवतं?"

तो कप ठेवून निघून गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी शॉटवरून भांडलो. ज्या बाईला स्वतःचं नाव आठवत नाही तिला आपण माणसांना ओ न द्यायला शिकवून ठेवलंय, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना माझ्या.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात मला धामणगाव रेल्वेला लग्नाचं काम होतं. ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून अमरावतीहून भल्या पहाटे मोटरसायकल काढली. साडेसहाच्या सुमारास नांदगावात कुलदीपच्या घराजवळ आलो, तर समोर पांदणीवर हिरवं लुगडं. उजव्या हातात डबा. पाठ ताठ. पार्बताबाई नुकत्याच लिंबापाशी पोचल्या होत्या.

मी गाडी बंद केली.

हे मी विचार करून केलं नाही. शॉट चालू असताना इंजिनचा आवाज जाऊ द्यायचा नाही, हे हाताला माहीत आहे. विचार आला तो त्यानंतर, आणि तो असा होता: म्हणजे सहावी फिल्म सुरू केली याने, आणि आवाजाला दुसराच कुणीतरी आणला. मला साधा फोन नाही. किशोरच्या टपरीवरचा रेडिओ बंद होता. त्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली आणि ओठांनीच म्हणाला, "माय निघाली." पलीकडं जमुनाबाई दोन बकऱ्यांच्या गळ्यातल्या दोऱ्या धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. सगळे आपापल्या जागी होते.

पार्बताबाई मोरीपर्यंत गेल्या. मी मनातल्या मनात म्हणालो, आता थांबवेल. थांबवलं नाही. अजून लांबवतोय गडी, म्हणालो. सुधारायचा नाही हा. घरात जाऊन त्याला दोन शब्द सुनवावेत असं वाटलं, पण मी कशाला पायरी चढू, त्याला गरज नाही तर मला तरी कुठं आहे. मी गाडी तशीच ढकलत शंभरेक पावलं पुढं नेली, शॉटमध्ये आवाज जाणार नाही अशा बेतानं, आणि मग सुरू केली. त्याच्यावर रागावलो होतो तरी त्याचा शॉट मी बिघडवला नाही. वाटेत मला याचं कौतुकही वाटलं स्वतःचं.

साडेअकराला फोन वाजला. कुलदीप.

"गुलफाम, माय सापडून नाई राहिली. मी अकोल्याले आलो हाय, फिल्म दाखवाची होती. अपेक्षा पाणी भरत होती तवाच घरातून गेली. गावातल्यायनं मंदिर पाह्यलं, स्टँड पाह्यला. जमुनाबाई बकऱ्या घेऊन रानात गेली, किशोरची टपरी बंद हाय, बाकी कोणालेच दिसली नाई म्हणतात."

माझ्या मागं बँडवाले वाजवत होते. मी एका कानावर हात दाबला.

"पांदणीनं गेली," मी म्हणालो. "मी पाह्यली."

"कवा?"

"साडेसहाले."

तो म्हणाला, "मंग आवाज काहून नाई देल्ला?"

"मले वाटलं, तू शूट करून राहिला."

फोन बंद झाला.

मी पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते, कुलदीपही नुकताच अकोल्याहून आला होता. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात गावातली माणसं पांदणीच्या दोन्ही बाजूंनी शेतं धुंडाळत होती. दोन्ही बाजूंनी शोधायची गरज नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि कुलदीपलाही. आम्ही दोघं सरळ गेलो. पांदण डावीकडं वळते तिथं त्या वळल्या नव्हत्या. समोर नांगरून ठेवलेलं काळं रान होतं, ढेकळं गुडघ्याएवढी. त्या ढेकळांतून त्या सरळ चालत गेल्या होत्या. एक चप्पल मधेच रुतलेली सापडली. उजवीकडं दीडशे पावलांवर बाभळीची सावली होती, तिकडंही त्या गेल्या नव्हत्या. घरापासून पाच किलोमीटरवर त्या पालथ्या पडलेल्या होत्या, डबा हाताखाली. डबा रिकामा होता. शूटिंगला तो रिकामाच असायचा.

कुलदीपनं त्यांना उताणं केलं आणि पदरानं तोंडावरची माती पुसली. "माय, थांब," तो म्हणाला. "झालं. थांब वं माय." तीन-चार वेळा म्हणाला. मी तिथून पळून गेलो नाही, माझ्या हातून त्या दिवशी झालेलं बरं काम ते एवढंच.

घरी अपेक्षा भिंतीला डोकं टेकून बसली होती. सारखं एकच सांगत होती. "हे जातानी म्हणले, फिल्मचं काम हाय, संध्याकाळी येतो. आत्याबाईनं तेवढंच आयकलं. पेटीतून लुगडं काढलं, मले म्हणे, चापूनचोपून नेसवून दे. मीच नेसवून देल्लं." जमुनाबाई तिच्याजवळ बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. "मी बकऱ्या धरून ठेवल्या," त्या मला म्हणाल्या. "आडव्या येऊ नाई म्हणून." आळीत साऱ्यांनी त्या बाईला वाट करून दिली होती.

तेरवीला मांडायला फोटो शोधला तर धड एक सापडेना. नऊ वर्षांत तिचा मुलगा तिची पाठ टिपत राहिला होता. शेवटी आधार कार्डवरचा फोटो मोठा करून हार घातला. ओळखू येत नव्हत्या.

तेरवीनंतर चार दिवसांनी कुलदीप अमरावतीला माझ्या खोलीवर आला. वाळला होता. "कच्चा आवाज ठेवला हाय ना तू?" त्यानं विचारलं. "पाची फिल्मचा?"

"हाय."

"फिल्ममदी माय जाते तेवढीच हाय. मले ती वापस येतानी आयकाची हाय."

एक हेडफोन त्याला दिला, एक मी लावला. पहिल्या फिल्मच्या आवाजाची पट्टी लावली. चप्पल, श्वास, डब्याची कडी. मग जिथं आम्ही कापलं होतं त्याच्या पुढं, लांबून, त्याचा नऊ वर्षांपूर्वीचा आवाज, "थांब वं मायऽ, झालं!" चप्पल थांबते, वळते. आणि जवळ जवळ येत पार्बताबाई म्हणतात, "आलं का रे चांगलं?" कुलदीपनं डोळे मिटले. दुसरी ऐकली. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी त्याची हाक थोडी आणखी लांबून येत होती, कारण त्या प्रत्येक वेळी थोड्या आणखी लांब गेलेल्या होत्या.

पाचवी लावली. चप्पल, श्वास. श्वास आता मोठा होता, मधेच घरघर. आम्ही हाकेची वाट पाहत होतो. ती आलीच नाही. साडेचार मिनिटं झाली, पाच झाली, सहा झाली, पावलं चालतच होती. कुलदीपनं माझ्याकडं पाहिलं. शूटिंगच्या दिवशी त्यानं हाक दिली होती, मी शेजारीच उभा होतो, चार-पाचदा दिली होती. रेकॉर्डर त्यांच्या कमरेला होता. त्यांना जे ऐकू आलं तेच त्यात होतं, आणि त्यात हाक नव्हती.

मग मागून धावत येणारी पावलं. माझी. मी विसरून गेलो होतो. मी धापा टाकत म्हणतो, "मावशी, थांबा ना, कवाचा आवाज देऊन राहिला तो!" आणि पार्बताबाई घाबऱ्याघुबऱ्या, अपराध्यासारख्या म्हणतात, "मले नाई आला रे बाबू आवाज. कोणी थांब म्हटलंच नाई. मी आपली चालूनच राहिली."

त्यानंतर पट्टीवर कुलदीपही धावत येऊन पोचतो, आणि आम्ही दोघं हसतो. बराच वेळ हसतो.