पट्टीमागचा रंग

थांबा जरा. मी बोलतेय, ही तुमच्या समोरची दोन दारांची लांबलचक गाडी. नाक मोठं, इंजिन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. माझ्या काळी आम्हां गाड्यांची ऐटच तशी होती. वेळेवर पोचलो नाही तरी चालेल, पण येतोय हे चार गल्ल्यांना कळलं पाहिजे, असा खाक्या.

माझा जन्म कारखान्यातला. आधी सांगाडा, मग पत्रा, मग रंग. रंगाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा एका कामगाराने माझ्या दोन्ही कुशींवर क्रोमची लांब पट्टी दाबून बसवली. बोटांचे ठसे उमटले म्हणून स्वतःच्या बाहीने ती पुसली आणि पुढच्या गाडीकडे वळला. माणसाचा हात मायेचा असतो, हे मला तिथेच कळलं.

मालक तेव्हा तरुण होते. लेथवर काम करायचे, नुकतंच लग्न झालेलं. मला घरी आणलं त्या दिवशी त्यांनी बाईंना शेजारी बसवून उगाचच गावाला चकरा मारल्या. पुढे पोरगा झाला, तो मागच्या सीटवर झोपून मोठा झाला, आणि मिसरूड फुटल्यावर माझ्यावरच शिकून फाटकाच्या खांबाला भेटून आला. त्या वेळी मला पांढरा रंग मिळाला. नंतर कधीतरी तपकिरी. पट्टी कुणी काढली नाही. कागद चिकटवून वरवर रंग मारत गेले. अंगावर कपडे चढवावेत, पण आंघोळ घालू नये, तसं.

मग पोराने छोटी गाडी घेतली आणि मी गॅरेजच्या भिंतीला लागले. माझ्यावर आधी एक गादी आली. गादीवर पाळणा आला, पाळण्यात जुनी वर्तमानपत्रं आली. रिकामी जागा माणसांना बघवत नाही, हे मी तेव्हा शिकले. मांजरीची बाळंतपणं माझ्या मागच्या सीटवर झाली. माझी तक्रार नव्हती. कुणीतरी येत-जात होतं.

एके सकाळी मालक आले आणि पाळणा उतरवू लागले. बाई धावत आल्या.

“अहो, कंबर धरेल! काय चाललंय?”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? डोळ्यामागचा पडदा झिजतोय. मधलं दिसणं जाणार, कडेचं थोडं राहील. चष्म्याने काही व्हायचं नाही.” मालक माझ्या सीटवर बसले, स्टिअरिंगवरची धूळ तळहाताने पुसली. “नजर आहे तोवर हिला एकदा पहिल्यासारखी बघायचीय. बाकी काही मागणं नाही.”

बाईंनी मग पाळण्याचं दुसरं टोक धरलं.

पोरगा आता चांगला टक्कल पडलेला, दोन लेकरांचा बाप. पण बापाचं मागणं ऐकून त्याला हुरूप आला. मिस्त्री आणला, इंजिन उघडलं, ब्रेक नवे टाकले. सगळं नीट चाललेलं. आणि एक दिवस आईबाप डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेले असताना, त्यांना चकित करावं म्हणून त्याने माझ्या पट्ट्या उपटून कोपऱ्यात फेकल्या, अंगभर रंग काढायचा मलम फासला आणि मला खरवडून काढलं. तपकिरी गेला, पांढरा गेला, त्याखालचाही गेला. दारांच्या आतल्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. कामाचा मोठा चोख पोरगा!

“बघा!” संध्याकाळी तो म्हणाला. “पाटी कोरी. आता बोला, कोणता रंग?”

“विचारतोस काय? पहिला होता तोच. निळा,” मालक म्हणाले.

“निळा?” बाई पिशवी खाली ठेवून म्हणाल्या. “हिरवी होती ती.”

“अगं, मी चालवली आयुष्यभर!”

“आणि मी काय झाडाखाली बसले होते? हिरवीच होती.”

जुने फोटो काढले, ते काळे-पांढरे. इंजिनाजवळ रंगाचा आकडा लिहिलेली पत्र्याची छोटी पाटी होती, ती गंजून चाळणी झालेली. पोराला नक्की आठवेना, कधी निळी वाटे, कधी हिरवी, आणि खरवडताना सगळ्या रंगांचा एकच चिखल झालेला; तो डोकं धरून बसला. खरवडण्याआधी एक शब्द विचारला असता तर! मला सगळं ठाऊक होतं, पण आम्हांला हॉर्न आहे, तोंड नाही.

रंगारी आला. हा गोल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा गृहस्थ. तो पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारून आणायचा आणि माझ्या बॉनेटवर मांडायचा.

“हा निळा?” बाई म्हणायच्या. “हा तर शाळेचा गणवेश आहे.”

“आणि तुझा हिरवा म्हणजे दवाखान्याचा पडदा,” मालक म्हणायचे.

पोरगा वैतागला. “काळा देऊ या. काळ्यावर भांडण नाही. वर दोन पांढरे पट्टे ओढू. आणि त्या क्रोमच्या पट्ट्या नकोतच. भोकं बुजवून कुशी सपाट करू. हल्ली तसंच आवडतं लोकांना.”

अंगावर पट्टे? मी काय वाघ आहे?

“भोकं बुजवली की बुजली, दादा,” रंगारी म्हणाला. “रंग परत बदलता येतो. घाई नको.”

पण घाई होती. मालक चहा कपाच्या बाहेर ओतू लागले होते. एक दिवस त्यांनी बॉनेटवरचा एक नमुना उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, “हा निळा बरा आहे.” तो राखाडी होता. रंगारी उगाच डबे आवरू लागला.

बाईंचा आवाज खाली आला. “द्या हो निळा. निळीच असेल. माझंच चुकलं.”

“उपकार नकोत,” मालक म्हणाले. “मला तुझी हार बघायची नाही. गाडी बघायचीय.”

असे हट्टी दोघं. रंग अडला तो अडलाच, आणि तिकडे नजर काही थांबायला तयार नव्हती.

हाताला चाळा हवा म्हणून असेल, बाईंनी कोपऱ्यात फेकलेली एक पट्टी उचलली. स्टुलावर बसून ती मांडीवर घेतली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करू लागल्या. पुढची बाजू झाली, मग मागची. मागे खाचेत पट्टी बसवताना भरलेल्या पुट्टीचा वाळून दगड झालेला गोळा होता. त्याला नखाएवढी रंगाची खपली चिकटलेली होती. पट्टी उपटताना ती माझ्या अंगावरून तिच्याबरोबर निघून आली होती. मलमाच्या तडाख्यातून वाचलेली माझी तेवढीच कातडी.

“अहो!” बाई ओरडल्या. “इकडे या! हिरवा! म्हटलं नव्हतं?”

मालक आले. पट्टी घेऊन चाचपडत अंगणात गेले, मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने बराच वेळ बघत राहिले.

“कसला हिरवा! निळा आहे हा.”

“आंधळे झालात की काय?” असं बोलून गेल्या आणि बाईंनी जीभ चावली. बाहेर येऊन बघितलं. पट्टी आत नेली, बघितली. पुन्हा बाहेर आणली.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “उन्हात निळा दिसतोय.”

रंगाऱ्याने खपली बघितली आणि पोट धरून हसला. “काका, काकू, मोरपंखी आहे हा! सावलीत हिरवा, उन्हात निळा.”

आता सगळं उलगडलं. मालकांनी मला पाहिलं ते उन्हात, रस्त्यावर, फॅक्टरीच्या आवारात. बाई मात्र संध्याकाळी गॅरेजचं दार उघडून आत उभ्या असायच्या आणि मी त्यांच्याकडे यायचे ती छपराखाली.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघं…” पोरगा म्हणाला.

“तू बोलू नकोस,” बाई म्हणाल्या. “तुला काळा द्यायचा होता.”

रंगाऱ्याने त्या खपलीवरून नमुना जुळवला. मग साफ केलेली पट्टी नमुन्यावर आडवी धरून मालकांना विचारलं, “ही ठेवायची की काढायची, काका?”

मालकांनी मान तिरकी केली. “रंग मला किती दिवस दिसेल सांगता येत नाही. पण ही दिसते. उजेडाची रेघ ओढल्यासारखी.”

दुसरी पट्टी पोराने कोपऱ्यातून स्वतः शोधून काढली, पॉलिशचा डबा आणला आणि अंगठा काळा होईपर्यंत घासत बसला.

रंगाऱ्याने मला आपल्या कारखान्यात नेलं. आधी अस्तर, मग रंगाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळायची वाट. रंगाला घाई चालत नाही. शेवटी पट्ट्या जुन्या भोकांत परत बसल्या आणि मी घरी आले.

पण उशीर झाला होता. पोराच्या खांद्यावर हात ठेवून मालक गॅरेजमध्ये आले, तेव्हा त्यांचे डोळे माझ्याकडे होते आणि नजर माझ्यापर्यंत पोचत नव्हती. त्यांनी दोन्ही हात माझ्या बॉनेटवर ठेवले.

“कशी दिसते गं?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. छपराखाली मी गर्द हिरवी होते.

“निळी,” त्या म्हणाल्या. “अगदी तुम्ही म्हणत होता तशी.”

मालक हसले. “खोटं बोलतेस. हाताला ऊन लागत नाहीये. आत आहोत आपण. हिरवीच असणार.”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“बाहेर काढ रे,” मालक पोराला म्हणाले.

मी कितीतरी वर्षांनी माझ्या आवाजात अंगणात गेले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. मालक माझ्या कुशीशी उभे राहिले, मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

“रंग नाही दिसत,” ते सावकाश म्हणाले. “पण रेघ दिसतेय. अगं, पूर्ण दिसतेय. पार टोकापर्यंत.”

आता पोरगा मला चालवतो, मालक त्याच्या शेजारी बसतात आणि बाई मागे. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात, हा कोणता रंग? मालक म्हणतात, “मागे विचारा.” बाई म्हणतात, “पुढे विचारा.” आणि गाडी सुटते.

माझं म्हातारीचं एक ऐका. घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला पुन्हा उभी करा, सावकाश करा, खरवडण्याआधी विचारून करा. पण सुरुवात करायला उशीर लावू नका. रंग वाट बघतो. बघणाऱ्याचे डोळे वाट बघत नाहीत.