फणीचा प्रवेश

गुंडाचा स्त्रीपार्ट बघायला पार पलूसकडची माणसं गाड्या जुंपून येत, यात खोटं काही नाही. चैत्रातल्या यात्रेला आमच्या बाजारगावात नाटक व्हायचं आणि पंधरा वर्षं त्यातली नायिका म्हणजे गुंडाच. एरवी उसाच्या फडात बैलांना अस्सल शिव्या हासडणारा हा गडी नऊवारी नेसून उभा राहिला की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावत. त्याचा सगळा तोरा केसांत होता. दुसऱ्या गावांतले नट टोप चढवायचे. गुंडाचे स्वतःचे केस पाठीवर रुळायचे. दुसऱ्या अंकात नायिका केस मोकळे सोडून फणी करत गाणं म्हणते, तिथं टोपवाल्याची डाळ शिजत नसे. नाटक नसलं की ते केस पटक्याखाली बांधलेले असत, आणि त्यापायी गावानं केलेली चेष्टा त्यानं हसून सोसली होती.

पेटीवर मानसिंग. डायरेक्टरही तोच. दोघं बालमित्र, चौथीच्या वर्गातून एकाच खिडकीतून पळालेले.

दुष्काळाच्या दोन सालांत नाटक झालं नाही. चौऱ्याहत्तर साली पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा यात्रा कमिटीतली तरणी पोरं अडून बसली. इस्लामपूरला सिनेमे बघून त्यांचे डोळे फाकले होते. "मिशा काढल्याली बाई आता कोण बघतंय? सांगलीची नटी आणा," म्हणाली. मानसिंगनं थोडं ताणून धरलं, फार नाही. खरं सांगायचं तर त्यालाही एकदा खऱ्या बाईच्या नाटकाचा डायरेक्टर व्हायचं होतं. माघात तो सांगलीला जाऊन शरयूबाईंना ठरवून आला.

बाईंनी अटी सरळ सांगितल्या. "मी यात्रेच्या दिवशी दुपारच्या एस्टीनं येईन. तालमीला माझ्या जागी कुणाला तरी उभं करा. आणि गाणी मी म्हणत नाही. पडद्याआडून कुणी म्हटली तर मी ओठ हलवीन."

तालमीला नायिकेच्या जागी गुंडाशिवाय कोण उभं राहणार? आणि खरं सांगितलं तर तो राहील का? कमिटी म्हणाली, आयत्या वेळी सांगू. मानसिंगनं मान डोलावली. इथंच त्यानं शेण खाल्लं.

त्यानंतर आठच दिवसांनी गुंडाचा बाप, ज्योतिबा आबा, वारला. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर भावकी जमली. थोरल्या लेकानं बापाला केस द्यायचे ही रीत, म्हणून धुळा न्हावी वस्तरा लावून बसला होता. गुंडानं पटका सोडला, केस पाठीवर पडले आणि तो तसाच उभा राहिला.

"बस की खाली," त्याचा चुलता हरिबा खेकसला. "बापापरीस नाटक मोठं झालं व्हय रं?"

"तसं न्हवं तात्या. यात्रा म्हयन्यावर आलीया."

"मग टोप लाव."

गुंडानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती मानसिंगवर येऊन थांबली. "मानसिंग, तू सांग गड्या. काढू का ठिवू?"

आता बघा, एवढा एक शब्द बोलायचा होता. 'काढ' म्हटलं की संपलं. पण मग 'नाटकाचं काय?' असं गुंडानं विचारलं असतं, आणि पन्नास माणसांसमोर मानसिंगला सगळं ओकावं लागलं असतं. खाकरून त्यानं वकिली सुरू केली. "तात्या, दुसऱ्या अंकात फणीचा प्रवेश हाय. टोप लगीच वळखू येतो. गावाच्या अब्रूचा सवाल हाय. म्हयनाभर ऱ्हाऊ द्या केस."

भावकी कुरकुरली, पण डायरेक्टरचा शब्द राहिला. पिंड ठेवला. कावळे पलीकडच्या बाभळीवर बसून होते. एकही खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं. आईला नीट संभाळीन, बहिणीला माहेरपणाला आणीन, गुंडानं सगळं बोलून बघितलं. हरिबा तर केसांकडं बघून दातओठ खात होता. शेवटी गुंडा हात जोडून रडवेला झाला, "आबा, नाटक झालं की दुसऱ्या दिशी हितंच यिऊन केस देतो." तेव्हा कुठं एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मानसिंगनं त्या कावळ्याकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मग महिनाभर तालमी चालल्या. गुंडा दुःख गिळून उभा राहायचा, आणि मानसिंगला त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तो पेटीच्या पट्ट्यांकडं बघूनच सूचना द्यायचा. रोज घरी जाताना उद्या सांगू म्हणायचा, आणि उद्या आला की चहा मागवायचा. एकदा गुंडाच म्हणाला, "औंदा तू मला येक बी शिवी दिली न्हाईस. बरं हाय न्हवं तुजं?"

यात्रेच्या दिवशी दुपारी गुंडा शिकेकाईनं न्हाऊन देवळामागं केस वाळवत बसला होता. समोरच एस्टी थांबली आणि शरयूबाई ट्रंक घेऊन उतरल्या. कमिटीची पोरं हार घेऊन धावली. कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. गुंडानं हार बघितला, ट्रंक बघितली, मग पेटीपाशी बसलेल्या मानसिंगकडं बघितलं. मानसिंग पेटीचा भाता नुसताच पुसत बसला. गुंडानं ओरडावं, शिवी द्यावी, दोन कानाखाली काढाव्यात, असं त्याला मनातून फार वाटत होतं. गुंडानं केसांचा अंबाडा घातला आणि बाईंना म्हणाला, "च्या घेतला का तुमी?"

वर लुगडं नेसायलाही त्यानंच शिकवलं. शरयूबाईंना पाचवारीची सवय, आणि नाटकातलं नऊवारी तर आणखी चापूनचोपून नेसायचं. बाईमाणसाला हात कसा लावणार, म्हणून गुंडा धोतरावर स्वतःच नेसत गेला आणि समोर बघून बाई नेसत गेल्या. कासोटा खोचून झाल्यावर तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग लुगडं सोडून त्यानं नीट घडी केली आणि ट्रंकेवर ठेवली.

नाटक रंगलं. फणीच्या प्रवेशाला शरयूबाईंनी गंगावन मोकळं सोडलं, ओठ हलवले, आणि पडद्याआडून आवाज गुंडाचा. लोकांनी वन्समोअर दिला. पेटी वाजवता वाजवता मानसिंगची नजर विंगेत गेली. तिथं गुंडा डोळे मिटून गात होता. त्याचे स्वतःचे केस सुटलेले होते आणि तो त्यांतून फणी फिरवत होता. त्याशिवाय ते गाणं त्याच्या गळ्यातून येतच नव्हतं. मानसिंगचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. टाळ्यांच्या कडकडाटात ते कुणाला कळलं नाही.

सकाळी गाव झोपलेलं असताना मानसिंग घाटावर गेला. गुंडा तिथं असणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धुळा त्याच्या डोक्यावर वस्तरा चालवत होता आणि केसांच्या बटा पायरीवर पडत होत्या. मानसिंग दोन पायऱ्या वर थांबला.

गुंडानंच तोंड उघडलं. "बस की. उगा जिवाला लावून घिऊ नगंस. तुला बी आयत्या येळंलाच कळलं आसंल. कमिटीची पोरं लय वांड."

सुटायची वाट गुंडानं स्वतःच्या हातानं काढून दिली होती. नुसतं 'व्हय' म्हणायचं. दोस्ती राहिली असती, पुढच्या चैत्रात पेटी आणि गळा पुन्हा एकत्र बसले असते. मानसिंगचे ओठ हललेसुद्धा. पण पायरीवरच्या त्या केसांकडं बघून त्याला ते जमलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "माघातच मी सांगलीला जाऊन बाईंना ठरवून आलतो. आबा जायच्या आदी."

धुळाचा वस्तरा थांबला. गुंडाची अर्धी हजामत झाली होती.

"म्हंजी दहाव्याला हितं मी तुला इचारलं, तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

गुंडानं पलीकडच्या बाभळीकडं बघितलं.

"तरीच त्या दिशी आबा खाली यीना," तो म्हणाला. "मला वाटलं, केसांसाठी अडून बसलाय."

मग त्यानं धुळाला हातानं खूण केली आणि राहिलेलं अर्धं डोकं पुढं केलं.