हाकवालीचा जबडा

दवाखान्याच्या धुलाईखान्यात आवाज चढवल्याशिवाय कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. सहा मोठी यंत्रं एकदम गरगरत असतात, इस्त्रीच्या रुळांमधून वाफ फुसफुसते, आणि ओल्या चादरींच्या ढकलगाड्या फरशीवरून खडखडत जातात. अशा जागी बावीस वर्षं काढलेल्या एका बाईचा आवाज इतका कमावला गेला होता की ती दारात उभी राहून बोलली तर मागच्या अंगणातल्या दोरीवरचे टॉवेलसुद्धा दचकत, असं मुकादम म्हणायचा. तिला सगळे हाकवाली म्हणत.

हाकवाली म्हणण्याचं खरं कारण मात्र नदीवर होतं. गावातल्या निरनिराळ्या खात्यांच्या बायकांची दर वर्षी नौकाशर्यत व्हायची. एका लांब, अरुंद नावेत आठ जणी वल्ही मारायच्या आणि नववी मागच्या टोकाला त्यांच्याकडे तोंड करून बसायची. तिच्या हातात सुकाणूच्या दोऱ्या आणि तोंडात ताल. "खेच... सोड! खेच... सोड!" वल्ही मारणाऱ्यांना पुढचं काही दिसत नाही, कारण त्यांची पाठ पुढे असते. त्यांना दिसतो फक्त नववीचा चेहरा, आणि ऐकू येतो तिचा आवाज. धुलाईखान्याच्या नावेत ही नववी जागा हाकवालीची होती. लागोपाठ चार वर्षं त्या दुसऱ्या आल्या होत्या, चारही वेळा अग्निशमन दलाच्या बायकांच्या मागे.

शर्यतीला अडीच महिने उरले असताना एका सकाळी दात घासताना तिच्या उजव्या जबड्यात वीज पडली. दुसरा शब्दच नाही. खालच्या दाढेपासून कानापर्यंत सण्णकन काहीतरी गेलं, ब्रश बेसिनमध्ये पडला, आणि मोजून पाच-सहा सेकंदांत सगळं शांत. तिला वाटलं, दाढ किडली. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशी चार वेळा. दाताचा डॉक्टर म्हणाला, "दाढ तर ठणठणीत दिसते आहे." हिनेच हट्ट धरून ती काढायला लावली. आठवड्याने शेजारचीही काढायला लावली. दोन दाढा गेल्या, वीज तिथेच राहिली.

मग तिला कळायला लागलं की ही वीज कशाने पडते. घास चावला की पडते. तोंडावर पाणी मारलं की पडते. बोललं की पडते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, गालाला वाऱ्याची झुळूक लागली तरी पडते. ती गालाला रुमाल बांधून कामावर यायला लागली. पेज पिऊन दिवस काढायला लागली. बोलणं बंद झालं, चिठ्ठ्या सुरू झाल्या. घरी तिसऱ्या दिवशी नवरा ताट बाजूला सारून म्हणाला, "पंचवीस वर्षं मी तुला म्हणत आलो, जरा हळू बोल. आता हात जोडतो बाई, एकदा ओरड माझ्यावर."

तिने चिठ्ठी लिहिली : "बरी झाले की ओरडेन. यादी करून ठेवते."

नदीवर तिच्या जागी इस्त्रीवरची एक पोरगी शिट्टी घेऊन बसायला लागली. शिट्टीत दम होता, पण ताल नव्हता. वल्ही एकमेकांवर आपटायची. तिसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या बाईने वल्हं नावेत टाकलं आणि सरळ हाकवालीचं घर गाठलं. ही बाई तिची नणंद. घड्या घालायच्या टेबलावर काम करायची, आणि वहिनीला घाबरत नसलेली त्या घरातली ती एकटीच होती.

"वहिनी, ऊठ. दवाखान्यात जायचंय."

हाकवालीने चिठ्ठीसाठी पेन्सिल उचलली. नणंदेने ती काढून घेतली.

"चौथ्या मजल्यावरच्या चादरी रोज धुतो आपण. त्या मजल्यावर काय चालतं ते कधी विचारलंस? तिथे दुखण्याची डॉक्टर बसते. नुसत्या दुखण्याची. मी नंबर लावून आले आहे."

दुखण्याची डॉक्टर बुटकीशी, चष्मा कपाळावर सरकवलेली बाई होती. तिने दातांकडे पाहिलंही नाही. "एका बोटाने दाखवा, कुठून कुठे जातं," एवढंच म्हणाली. हाकवालीने बोट गालापासून इंचभर लांब ठेवून हवेत रेघ ओढली, खालच्या ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत. टेकवायची तिची हिंमत नव्हती. ते बघून डॉक्टरने मान हलवली.

"चेहऱ्याची एक मोठी नस आहे, तिला तीन फांद्या आहेत. एक कपाळाला, एक गालाला, एक जबड्याला. तुमची तिसरी बिघडली आहे असं दिसतंय. जबड्यात काही घडलेलं नाही. दाढा बिचाऱ्या उगाच गेल्या. नसच खोट्या बातम्या पाठवते आहे, आणि मेंदू त्या खऱ्या मानतो."

"सांगा हिला! मी दुसऱ्या दाढेच्या वेळी म्हणाले होते," नणंद म्हणाली.

डॉक्टरने आधी तपासण्या केल्या. डोक्याच्या फोटोत एक रक्तवाहिनी त्या नसेला टेकलेली दिसली, बाकी भीतीचं काही नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी वीज निम्मी झाली, पण हाकवालीला इतकी गुंगी यायची की एकदा ती उशांच्या अभ्र्यांच्या ढिगावर उभ्याउभ्या कलंडली. डोस वाढवायची सोय उरली नाही. तेव्हा डॉक्टरने इंजेक्शनचं काढलं.

हाकवाली गालावर हात न टेकवता, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "नसेत सुई? नस मेली म्हणजे? तोंड वाकडं झालं तर?"

"नसेत नाही, नसेच्या शेजारी. नस मारायची नाही, तिच्या वाटेवर काही वेळ नाकाबंदी करायची. बातमी निघेल, पण डोक्यापर्यंत पोचणार नाही. आणि चेहरा हलवणारी नस निराळी असते, तिला आपण हात लावत नाही. ओठ आणि हनुवटी काही तास बधिर राहील, चावताना जबडा ढिला वाटेल. धोका अगदीच नाही असं म्हणणार नाही. सूज येते, रक्त साकळतं कधी. म्हणून मी पडद्यावर बघत बघत सुई घालते."

"आणि मग बरं वाटेल?"

"पहिल्यांदा मी फक्त बघणार आहे," डॉक्टर म्हणाली. "आपण बरोबर फांदी धरली आहे का, ते."

हे शेवटचं वाक्य हाकवालीच्या कानात शिरलंच नाही. तिला ऐकू आलं होतं ते एवढंच, की बातमी पोचणार नाही.

दोन दिवसांनी ती टेबलावर डाव्या कुशीवर झोपली. कानापुढे थंड औषधाचा बोळा फिरला आणि त्या स्पर्शानेच वीज कडाडली. तिने टेबलाची कड घट्ट धरली. नणंदेला बाहेर बसवलं होतं, तरी काचेतून ती हातवारे करत होती. डॉक्टर प्रत्येक गोष्ट आधी सांगायची आणि मग करायची. "आता टोचेल. आता दाब वाटेल. हलू नका. आता हनुवटीत मुंग्या येतील, आल्या की डावा हात वर करा." मुंग्या आल्या. डावा हात वर गेला. औषध सुटलं आणि पाहता पाहता अर्धा ओठ आपला नसल्यासारखा झाला.

पंधरा मिनिटांनी डॉक्टरने टेबलावरचा छोटा पंखा उचलला, हाकवालीच्या उजव्या गालासमोर धरला आणि चालू केला.

हाकवालीने डोळे गच्च मिटले, खांदे कानाला लावले. वारा गालावर येत राहिला. केस उडत राहिले. काहीच झालं नाही. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. मग स्वतःचं बोट हळूच गालावर टेकवलं, मग अख्खा तळहात, आणि मग तिने स्वतःच्याच गालावर एक चापटी मारली.

"फाणी द्या," ती म्हणाली. बधिर ओठातून 'प' निघेना. "अहो, फाणी! फाणी फ्यायचंय मला!"

पाणी निम्मं आत गेलं, निम्मं पदरावर सांडलं. नणंद आत धावत आली ती हसत होती की रडत होती कुणाला कळलं नाही. दोघींनी जिन्याने चार मजले उतरताना सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात आपापसात भांडण केलं, आणि ते कशावरून होतं ते दोघींनाही नंतर आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती बोलत होती. संध्याकाळी नावेत बसली. सहावी का सातवी हाक देताना वीज परत आली, आधीसारखीच. सुकाणूची दोरी सुटली आणि नाव काठाच्या लव्हाळ्यात घुसली.

सकाळी ती चौथ्या मजल्यावर गेली तेव्हा चिठ्ठी लिहूनच गेली होती : "फसवलंत."

डॉक्टरने चिठ्ठी वाचली, चष्मा डोळ्यांवर ओढला. "किती तास टिकलं?"

हाकवालीने बोटांनी तीस दाखवले.

"आणि त्या तीस तासांत एकदाही नाही?"

एकदाही नाही.

"मग आपण जिंकलो की अर्धं!" डॉक्टरने टेबलावर थाप मारली. "सगळा दोष त्या एकाच फांदीत आहे हे तुमच्या जबड्याने सही करून दिलं. मला तेवढंच विचारायचं होतं त्याला. आता दुसरं इंजेक्शन. यात औषध जास्त टिकणारं आहे. सुन्नपणा संध्याकाळपर्यंत जाईल, पण चिडलेली नस शांत व्हायला अवसर मिळाला की आराम पुढेही राहतो. कुणाला दोन आठवडे, कुणाला चार महिने. तुम्हाला किती, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. परत आलं तर परत देऊ, आणि पुढे ऑपरेशनचाही रस्ता आहे. गोळी कमी करू, बंद नाही. आता कळलं?"

हाकवालीने या वेळी प्रत्येक शब्द ऐकला होता. तिने चिठ्ठी परत मागून घेतली, फाडली, आणि ओठ जेमतेम हलवत विचारलं, "शर्यत अकरा दिवसांवर आहे. आज देता?"

"आज देते."

दुसऱ्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी तिने भाकरी चावली, डाव्या बाजूने. पाचव्या दिवशी उजव्या बाजूने. सहाव्या दिवशी नवऱ्याला यादी वाचून दाखवली, सतरा कलमी, आणि तो मान खाली घालून सुखाने ऐकत राहिला. रोज सकाळी जाग आली की ती आधी गालाला हात लावून बघायची. हात लागायचा, आणि काही व्हायचं नाही.

शर्यतीच्या दिवशी वारा समोरून होता. नदीवर बारीक लाटा उठल्या होत्या, काठावर माणसांची भिंत. चार नावा रांगेत : बँक, टपाल, अग्निशमन दल आणि धुलाईखाना. नणंद पहिल्या बाकावरून वहिनीच्या गालाकडेच बघत होती.

"रुमाल बांधतेस का?"

"वल्ह्याकडे बघ," हाकवाली म्हणाली.

बार उडाला. वारा थेट चेहऱ्यावर आला, थंड, ओला, पाण्याच्या तुषारांसकट. पहिली हाक देण्याआधी तिचा जबडा सवयीने आवळला गेला. क्षणभरच. मग तिने तोंड उघडलं.

"खेच!"

वीज आली नाही.

"सोड! खेच! सोड!"

अर्ध्या वाटेपर्यंत अग्निशमनवाल्या एका नावेने पुढे होत्या. त्यांची हाकणारी भोंगा लावून ओरडत होती. हाकवालीने आठ जणींचे चेहरे बघितले. त्या लाल झाल्या होत्या, पण ताल घट्ट होता. तिने वेग वाढवला नाही. फक्त आवाज उतरवला, इतका की आठही जणी पुढे झुकून ऐकायला लागल्या. "लांब. आणखी लांब. चादर पिळतो तसं, शेवटपर्यंत." नाव पाण्यात लांब लांब सरकायला लागली. अंतर निम्मं झालं. मग दोन हात राहिलं. मग तिने छाती भरून घेतली, आणि काठावरची माणसं नंतर सांगायची की त्या एका आरोळीने पलीकडच्या झाडांवरचे पक्षी उठले.

"आता! खेच! खेच! खेच!"

दोन नावा बरोबरीला आल्या. भोंग्याचा आवाज मागे पडला, आधी जरासा, मग पुरता. समाप्तीचा लाल दोर धुलाईखान्याच्या नावेने पावणेदोन हातांनी आधी ओलांडला. काठावर मुकादम टोपी उडवत होता, नवरा नाचत होता, दुखण्याची डॉक्टर दोन्ही हात वर करून ओरडत होती.

नावेतल्या आठ जणींना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची पाठ पुढे होती, नजर समोरच्या बाईच्या तोंडावर खिळली होती, आणि ती थांबायला सांगत नव्हती. "खेच... सोड! खेच... सोड!" दोर मागे पडला, माणसं मागे पडली, पूल आला.

"वहिनी!" नणंद धापा टाकत म्हणाली. "संपली का नाही शर्यत?"

"केव्हाच संपली. जिंकलो आपण," हाकवाली म्हणाली. वारा तिच्या उजव्या गालावर आपटत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण तोंड चालतंय गं माझं. जरा वेळ चालू दे. खेच!"

आणि आठही जणींनी हसत हसत वल्ही पाण्यात घातली.