भिंतीतला करंट

झडीचा पाचवा दिवस होता. शाळेत जायच्या आधी पाणी भरून ठेवावं म्हणून द्वारकाबाई अंगणातल्या नळाशी गेल्या. त्यांनी हंडा खाली ठेवला, तोटीला हात लावला आणि दंडावर कुणी दांडका हाणावा तशा मागं फेकल्या गेल्या. हंडा गडगडत गटारीपर्यंत गेला. समोरच्या खोलीतून शिलाईमशीन सोडून जमिला धावत आली.

"तुमाला पण बसला ना, मावशी? परसों मला बसला. दो दिन हात सुन्न होता, सुई नाय धरता आली."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मला वाटलं, मलाच कमजोरी आली."

साल चौऱ्याहत्तर. गुलमंडीच्या मागच्या बोळातलं ते घर पाच बिऱ्हाडांचं होतं. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला निघून गेलेल्या एका वकिलाकडून वैजापूरच्या तात्यासाहेबांनी ते विकत घेतलं होतं. त्यातली वायर वकिलाच्या वेळचीच, कापडात गुंडाळलेली, लाकडी पट्ट्यांतून भिंतीभर फिरलेली. तिला त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. नवरा गेल्यावर द्वारकाबाईंना मुलींच्या शाळेत आयाची नोकरी लागली, तेव्हापासून बारा वर्षं त्या इथं राहत होत्या. शाळा चालत दहा मिनिटांवर. शेजार चांगला. ही खोली सुटली तर दुसरी कुठं मिळायची? म्हणून मालकाकडं त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं.

जमिलानं गुलमंडीवरून जब्बार वायरमनला बोलावून आणलं. साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं नळाला टेस्टर लावला, भिंतीला लावला, मग दारामागचा फ्यूज उपसून बाहेर काढला आणि त्यातल्या तारेकडं बघतच राहिला. खिळ्याएवढी जाड तांब्याची तार होती.

"ये किसने डाला?"

द्वारकाबाई गटारीपाशी पडलेला हंडा आणायला वळल्या. उन्हाळ्यात फ्यूज सारखा उडायचा, रोज संध्याकाळी अंधार. भाडं न्यायला येणाऱ्या पुंजारामला त्यांनीच म्हटलं होतं, "बाबा, जरा जाड तार टाक, म्हंजी कटकट जाईल." कटकट गेली होती खरी.

"फ्यूज उडतो म्हणजे तो तुमाला सांगतो, आत काय तरी बिघडलंय म्हणून," जब्बार म्हणाला. "तुमी त्याचं तोंडच बंद केलं. आता आतली वायर जळंल, पण हा उडणार नाय. भिंतीत कुठंतरी वायर उघडी पडून नळाच्या पाइपाला लागलीय. अर्थिंग तर नावाला बी नाय. मी चिंधी लावून जाणार नाय, बाई. सगळं नवीन करावं लागतं, आणि ते मालकानं करायचं."

त्यानं तेवढं फ्यूजमध्ये बारीक तार घातली, नळाला हात लावू नका म्हणून पाचही बिऱ्हाडांना बजावलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून पाणी बोळाच्या टोकाच्या सार्वजनिक नळावरून येऊ लागलं, आणि संध्याकाळी फ्यूज उडून पुन्हा अंधार पडू लागला.

पुंजारामबरोबर दोनदा निरोप गेला. दोन्ही वेळेला उत्तर एकच आलं: साठवलेला कांदा बाजारात काढायचा आहे, नंतर बघू.

"बिजलीवाल्यांच्या ऑफिसात अर्ज देऊ," जमिला म्हणाली.

"ते येतील आन् कनेक्शन तोडून जातील. मग मालकाला काय, बरंच झालं. रिकामं घर पाहिजेच त्याला." द्वारकाबाईंनी कंदिलाची वात वर केली. "मी जाऊन येते वैजापूरला."

रविवारी सकाळच्या एसटीनं त्या निघाल्या. वाटभर मनात वाक्यं जुळवत होत्या, आणि प्रत्येक वेळी ती जाड तार मधे येत होती. सांगावी की लपवावी? पुंजारामनं सांगितलंच असेल. नसेल सांगितलं तर?

तात्यासाहेब घराच्या पडवीत कांद्याच्या गोण्या शिवत होते. सत्तरीचा, ताठ कण्याचा गडी. द्वारकाबाईंना बघून त्यांना नवल वाटलं, तरी त्यांनी बसायला पाट दिला आणि आत पाण्यासाठी हाक मारली. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाई, भाडेकरू लोकांचं असंच असतं. आज वायर, उद्या छप्पर. त्या वायरीवर वकील राहिला, त्याच्या मुलींची लग्नं झाली त्या घरात. तेव्हा नाय कुणाला झटका बसला. तुमीच काय तरी केलं असंल."

"केलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "फ्यूजात जाड तार मीच घालायला लावली. पुंजारामचा काय दोष नाय. मला अक्कल नव्हती. पण तात्यासाहेब, भिंतीतली वायर मी नाय कुजवली."

एवढं बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. तात्यासाहेबांच्या हातातला दाभण थांबला होता. दारात पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी, चतुराबाई, तिथंच उभ्या होत्या.

"बघून तर या," चतुराबाई म्हणाल्या. "एवढ्या लांबून आल्यात त्या."

"आन् खोटं निघालं तर?"

"तर मी खोली सोडते," द्वारकाबाई बोलून गेल्या.

"मग गुरुवारी येतो," तात्यासाहेब म्हणाले.

परतीच्या गाडीत मात्र त्यांना तेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. आपण काय बोलून बसलो! जमिलाला त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "गुरुवारी येतात."

आणि नेमकं सोमवारपासून ऊन पडलं. कडक, भाद्रपदातलं. अंगणातली फरशी वाळली, भिंतीवरचे ओलीचे डाग फिके झाले. गुरुवारी तात्यासाहेब आले तेव्हा ते घर जणू कधीच भिजलं नव्हतं. जब्बार आधीच येऊन बसला होता. पाचही दारांत माणसं उभी होती.

"हाच ना नळ?" म्हणत तात्यासाहेब सरळ पुढं निघाले.

जमिला कानाशी कुजबुजली, "लावू दे त्यांना हात, मावशी. एक बार समजू दे."

क्षणभर द्वारकाबाईंच्याही मनात तेच आलं. मग त्यांना तो पुढं झालेला हात दिसला, शिरा वर आलेला, म्हातारा. त्यांनी धावत जाऊन तात्यासाहेबांची बाही घट्ट धरली.

"हात नका लावू."

"का? खोटं पडाल म्हणून भ्यालात?"

"खरं निघंल म्हणून."

तात्यासाहेबांनी आधी बाहीकडं, मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. हात खाली घेतला.

जब्बार उठला. त्यानं एका होल्डरला दोन लांब वायरी जोडून छोटा दिवा बसवून आणला होता. एक टोक त्यानं कोपऱ्यातल्या मातीत ठोकलेल्या सळईला बांधलं. दुसरं हातात रबराचा मोजा घालून तोटीला टेकवलं.

दिवा लागला नाही.

द्वारकाबाईंना आपली खोली दिसली, चुलीपाशी लावलेली डब्यांची उतरंड, खिडकीतली तुळस, आणि हे सगळं बांधून कुठं न्यायचं, ते काही सुचेना. जब्बारनं वाकून माती चाचपली. "सुखी मिट्टी है, करंट कैसे जायेगा," म्हणाला, आणि जमिलाकडून तांब्याभर पाणी घेऊन सळईच्या बुडाशी ओतलं. पुन्हा टोक टेकवलं. दिव्यातली तार आधी लालसर झाली, मग पिवळी. भर दुपारी, पाण्याच्या नळावर, दिवा पेटला.

तात्यासाहेब जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. "बंद कर," एवढंच म्हणाले.

मेन स्विच पाडून जब्बारनं जमिलाच्या भिंतीवरची लाकडी पट्टी उचकटली. आतली बाजू हातभर काळी पडली होती, काही ठिकाणी पार कोळसा. पट्टीच्या खाली जमिलाचा पलंग होता, आणि पलंगावर लोकांचे शिवायला आलेले कपडे. जमिलानं ते कपडे उचलून छातीशी धरले. तात्यासाहेबांनी बोटानं कोळसा खरवडला. तो भुरभुर गळला.

"मला खोलीतलं कधी दाखवलं नाय कुणी," ते म्हणाले. मग काळं झालेलं बोट धोतराला पुसत, "मी बी कधी आत आलो नाय."

त्या दिवशी ते वैजापूरला परतले नाहीत. गुलमंडीच्या दुकानातून जब्बारबरोबर जाऊन वायर, पट्ट्या, नवे बोर्ड घेऊन आले. अर्थिंगसाठी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला, तेव्हा तिथंच खुर्ची टाकून बसले आणि जमिलानं दिलेला चहा दोनदा प्यायले. काम पाच दिवस चाललं. पाच संध्याकाळी सगळ्या बिऱ्हाडांनी कंदील लावून अंगणातच जेवणं केली. सहाव्या दिवशी जब्बारनं मेन स्विच वर केला. लाईट आली.

जाताना तात्यासाहेब द्वारकाबाईंच्या दारात थांबले. "खोली रिकामी पाहिजे मला, हे खरंय. पुढच्या साली नोटीस देईन म्हणतो."

"द्या. मी वकील बघीन," द्वारकाबाई म्हणाल्या. दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही.

नोटीस आली, पण दीड वर्षानं. कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि द्वारकाबाई निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत राहिल्या. पण नोटीस येण्याआधीच, चौऱ्याहत्तरच्याच हिवाळ्यात, चतुराबाईंनी हट्ट धरून जब्बारला वैजापूरला बोलावून घेतलं. त्यानं तात्यासाहेबांचं घर, गोदाम, विहिरीवरची मोटार, सगळं तपासून दिलं. आठ दिवसांनी तो परतला तेव्हा टांग्यात कांद्याची एक मोठी गोणी होती, पाच बिऱ्हाडांत वाटायला पाठवलेली. जमिलानं ओढणी खोचली, द्वारकाबाईंनी सूप आणलं, आणि दोघी अंगणात बसून वाटे करू लागल्या.