मधुकर परबांच्या निधनाची बातमी

गौरवी बाहेर आली तेव्हा सकाळीच वाळत घातलेले कपडे तांबड्या मातीत पडले होते. दोरी मधोमध कापलेली. पलीकडच्या बाल्कांवात, दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, तिचे चुलतसासरे मधुकर परब मांडीवर कोयता घेऊन बसले होते.

"काका, दोरी तुम्ही कापलीत?"

"माझ्या माडाक बांधलेली दोरी मी कापतलंय. तू कोण विचारतली? दिसभर मोबायल घासता आणि माका शिकयता!"

पेडण्याजवळच्या चोपडे गावातलं ते घर दोन वाटण्यांत विभागलेलं होतं. एका अर्ध्यात गौरवी आणि तिचा नवरा देवेश, दुसऱ्या अर्ध्यात मधुकर एकटेच. वाटणी झाल्यापासून दोन्हीकडे बोलणं व्हायचं ते भांडणापुरतंच. देवेश कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. गौरवीने चिखलाने माखलेली त्याची पँट उचलली, बादलीत टाकली आणि आत येऊन धाडकन दार लावलं.

काम तर होतंच. पर्वरीच्या एका छोट्या कंपनीसाठी ती घरून अ‍ॅप तपासायची. बाजारात येण्याआधी ते वापरून बघायचं, मुद्दाम वेडंवाकडं भरायचं, कुठे अडतं ते कळवायचं. हे नवं अ‍ॅप गावच्या बातम्यांचं होतं. वीज कधी जाणार, जत्रा कधी, कोणाचं लग्न, कोणाचं निधन. कंपनीने दिलेल्या फोनची बॅटरी फुगली होती, म्हणून आठवडाभर ती स्वतःच्याच फोनवर काम करत होती. तसं करू नये हे तिला माहीत होतं. पण तिचा वरिष्ठ सर्वेश म्हणाला होता, "चालवून घे गं. सगळं चाचणीच्या सर्व्हरवर आहे, बाहेर काहीच जात नाही."

अ‍ॅपने फोनमधले सगळे नंबर वाचायची परवानगी मागितली. तिने दिली. निधनाच्या बातमीचं पान उघडलं. नावाच्या जागी ती एरवी 'अबक' लिहायची. आज दोरीचा राग अजून उतरला नव्हता. तिने लिहिलं, मधुकर सदाशिव परब. राहत्या घरी निधन. अंत्ययात्रा अकरा वाजता. शोकाकुल परब कुटुंबीय, चोपडे. तिने 'पाठवा'वर बोट दाबलं आणि तिला बरं वाटलं.

चहा उकळत होता तोच फोन वाजला. पेडण्याची तिची मैत्रीण स्नेहा विचारत होती, "गौरवी, अगं तुझे काका कधी गेले? काल तर मी त्यांना मासळीबाजारात पाहिलं!"

गौरवीने फोन कापून सर्वेशला लावला.

"शक्यच नाही," तो म्हणाला. मग कीबोर्डचा आवाज आला. "गौरवी, अ‍ॅपचं सकाळचं बिल्ड, नवी आवृत्ती, चुकून खऱ्या मेसेजच्या लाइनला जोडलं गेलंय. तुझ्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज गेलाय."

"मग आता?"

"अ‍ॅप काढून टाक. कोणाला काही बोलू नकोस. फोन हॅक झाला म्हणून सांग."

ती काही बोलणार एवढ्यात अंगणात ओरडाआरडा सुरू झाला. गावात कोणी गेलं की तिरडीची तयारी करणारा गुरुदास खांद्यावर बांबू घेऊन आला होता आणि समोर बाल्कांवात मधुकर चहात पाव बुडवून खात होते.

"कोण मेलो रे?"

"तुमी," गुरुदास म्हणाला. "मोबायलार आयलां."

मधुकरांनी कप त्याच्या दिशेने भिरकावला. गुरुदास बांबू तिथेच टाकून पळाला.

थोड्या वेळाने आरोंद्याहून एक रिक्षा आली. मधुकरांची बहीण पार्वती रडत, छाती बडवत उतरली. तिने बाल्कांवात भावाला पाहिलं, "रे मधू, तू जितो आसस?" असं किंचाळली आणि त्याच्याकडे धावताना पायरी चुकून पडली. मनगट अंगाखाली आलं. हाड मोडल्याचा आवाज गौरवीला खिडकीतून ऐकू आला.

ती धावत बाहेर गेली. मधुकरांनी बहिणीला उठवून बसवलं, तिच्या फोनवरचा मेसेज वाचला आणि गौरवीकडे पाहिलं.

"हात लावू नको. तुझ्या घरातल्याच नावान मेसेज आयला. कोणी लिवल्यान?"

सर्वेशने शिकवलेलं उत्तर जिभेवर होतं. पार्वती हात छातीशी धरून कण्हत होती.

"नाव मीच घातलंय," गौरवी म्हणाली. "राग आला होता. ते बाहेर जाईल असं मला वाटलं नव्हतं."

"ऐकलंस पार्वती? राग इलो म्हणान माका मारल्यान!"

पार्वतीला त्याच रिक्षातून दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं आणि मधुकर तसेच पेडण्याच्या पोलीस ठाण्यावर गेले. दुपारी बोलावणं आल्यावर गौरवी आणि कामावरून धावत आलेला देवेश तिथे पोहोचले. फौजदाराने तिला बसायला सांगितलं, मधुकर उभेच राहिले. गौरवीने जे घडलं ते सांगितलं, सर्वेश काय म्हणाला तेही. फौजदाराने सर्वेशला फोन लावला. तो गोड आवाजात म्हणाला, "साहेब, खऱ्या माणसाचं नाव घालायचं नाही असा आमचा नियम आहे. टेस्टरने तो मोडला. स्वतःचा फोनही तिनेच वापरला."

"आणि खऱ्या लाइनला कोणी जोडलं?" गौरवी फोनकडे वाकून ओरडली. पलीकडून फोन कट झाला.

"परब, मुलीने चूक कबूल केलीय," फौजदार म्हणाला. "माफी मागेल. घरातलंच आहे, मिटवा."

"मिटवचां नाय!" मधुकरांनी टेबलावर हात आपटला. "साहेब, माझ्या मरणाची बातमी सगळ्या गावाक गेली. आता दनपार झाली. कोण इलो? एक तिरडी बांधपी आणि एक भैण. बाकी कोणाक उठूक फुरसत नाय! ह्यां माका हिच्यामुळे बघूचां लागलां."

देवेश जमिनीकडे बघत राहिला. मधुकरांनी तक्रारीवर सही केली आणि कोणाकडे न बघता निघून गेले.

संध्याकाळी कंपनीची मेल आली. गौरवीला कामावरून काढलं होतं. सर्वेशचं नाव त्यात कुठेच नव्हतं. देवेश म्हणाला, "तूही कंपनीची तक्रार कर." ती करणारच होती. पण आधी तिने फोन हातात घेतला आणि एकेका नंबरला लावत गेली.

"मधुकरकाका जिवंत आहेत. बातमी खोटी होती."

कोणी हसलं. कोणी शिव्या घातल्या. एकाने "बरं" म्हणून पावसाचं विचारलं. मधुकरांबरोबर वर्षानुवर्षं भजनात बसणारा एक जण म्हणाला, "तसे आमी येवचेच नाय होते. त्या मनशाच्या दारात कोण जातलो?"

दुसऱ्या दिवशी ती बाहेर झाडू मारत असताना मधुकर बाल्कांवात आले. आत पार्वती प्लास्टरचा हात उशीवर ठेवून निजली होती.

"काल फोन करी होतस. भिंतीतसून ऐकू येता." त्यांनी दुसऱ्याच कोणाशी तरी बोलल्यासारखं माडाकडे बघत विचारलं. "काय म्हणाले?"

गौरवी थांबली. "सगळे म्हणाले, बरं झालं, जीव भांड्यात पडला."

मधुकर तिच्याकडे पाहत राहिले.

"फटी मारू नको, खोटां कळता माका," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दाराला अडसर घातला.